तुळशीतली सळई

सिद्धाराम कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावतो. कॉम्प्युटरचा डबा असो, दुकानाचं शटर असो, की समोरच्या हॉटेलातून आलेला चहाचा ग्लास. बोटांची पाठ अलगद टेकवून बघायची, मग सुलटा हात. येरमाळ्यात यावरून त्याला हसला नाही असा माणूस सापडणार नाही, आणि त्यात पहिला नंबर माझा. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि माझा फोटो स्टुडिओ एकाच भिंतीला आहेत, त्यामुळे चिडवण्याचा हक्क मला आपोआप मिळालाय. "सिद्धा, बायकोलाही आधी उलटाच हात लावतोस का रे?" असं मी एकदा विचारलं, तर आतून भुवनेश्वरीवहिनींनी मला असं काही सुनावलं, की आठवडाभर मी त्यांच्या दारात ताक मागायला गेलो नाही.

ही सवय त्याच्या वडिलांची. वीरप्पा उमरग्याकडे वायरमनचं काम करायचे, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलायचे. झटका बसला की मूठ आपोआप आवळते, हे त्यांनी लेकाला लहानपणीच शिकवलं होतं. सुलट्या हातानं धरलं तर हात तारेवरच आवळला जातो आणि सुटत नाही. उलटा हात लावला तर आवळताना तो तारेपासून दूर होतो. वीरप्पा पुढे म्हातारे होऊन अंथरुणात शांतपणे गेले, ते या सवयीमुळेच, असं सिद्धाराम मानतो. बाकी तो फारसा देवभोळा नाही. सकाळी कपाळाला विभूती लावतो, तेवढंच.

हे सगळं सांगायचं कारण असं, की आपल्या हातून गेलेल्या यंत्रानं कुणाचा तरी जीव जाईल, ही एकच धास्ती या माणसानं आयुष्यभर बाळगली. मागच्या वर्षी त्या धास्तीला एक पत्ता मिळाला. ईट गावातलं एक घर.

त्या घराचे मालक बब्रुवान येडाईच्या दर्शनाला आले होते, आणि देवीला नारळ फोडून थेट सिद्धारामच्या दुकानात शिरले. बरोबर त्यांची मुलगी निकिता. बब्रुवान म्हणजे भारदस्त माणूस, पांढरी मिशी, चांगली जमीन, आणि आपल्याला सगळं कळतं हा चेहऱ्यावर कायमचा भाव. मला असली माणसं पहिल्या भेटीत आवडत नाहीत. पोरगी मात्र आवडली. लातूरला इंजिनिअरिंग शिकत होती आणि कॉम्प्युटरवर खेळण्यात पटाईत होती.

"बंदुका चालवती म्हणं त्याच्यात," बब्रुवान वैतागून म्हणाले, आणि लगेच त्यांनी मिशीला हात लावला. "पन सोलापूर-पुण्याची पोरं हरवती. तवा जरा बरं वाटतंय."

निकिताला खेळायचा कॉम्प्युटर हवा होता, पण छोटा. सुट्टीला घरी, सुट्टी संपली की होस्टेलवर. एसटीत मांडीवर घेऊन बसता आलं पाहिजे. तिनं पसंत केलेला डबा घरातल्या देव्हाऱ्यापेक्षा मोठा नव्हता. आतले सगळे भाग ठरले होते. अडलं होतं ते पॉवर सप्लायपाशी, म्हणजे घरातली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणाऱ्या पेटीपाशी.

सिद्धारामनं काउंटरवर तीन पेट्या मांडल्या. मी माझं दुकान सोडून तिथंच उभा होतो, कारण गिऱ्हाईक नव्हतं आणि भांडण होण्याची शक्यता होती.

पहिलीच्या पोटातून वायरींचा जुडगाच बाहेर आला होता. "हे तुमच्या डब्यात कोंबलं तर हवा खेळायला जागा उरायची न्हाय," असं म्हणून त्यानं ती बाजूला सारली. उरलेल्या दोन्ही मॉड्युलर. त्यांच्या वायरी सुट्या असतात. लागेल तेवढीच खोचायची, बाकीच्या खोक्यात ठेवून द्यायच्या. छोट्या डब्याला हेच बरं, यावर निकिताचं आणि त्याचं एकमत झालं. पण त्या दोन्हींतली कुठली?

"काका, दोन्ही सारख्याच दिसतात की. ही हलकीय, हीच द्या."

"बाळ, ईटला उन्हाळ्यात लाईट कशी असती?"

"पंख्याची पाती मोजता येतात," ती हसून म्हणाली.

"मग ही हलकी सारखी बंद पडंल. खेळ रंगात आला की डबा झोपला. ही दुसरी निम्म्या दाबावरबी चालती. दाब कमी झाला की करंट जास्त ओढून घेती, पन डबा बंद पडू देत न्हाय." त्यानं पेटीवर थोपटलं. तेही सुलट्या हातानं.

इतक्या आनंदानं एखादी वस्तू निवडताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. त्या निवडीत चूक काहीच नव्हती. कुठलाही जाणता माणूस तीच पेटी निवडेल. याचाच मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही.

काही दिवसांनी डबा तयार झाला आणि बापलेक न्यायला आले. डबा चालू करून निकिता खूश झाली. बोलता बोलता तिनं घरची गंमत सांगितली. "काका, आमच्या तुळशीत देवी आलीय म्हणे. आजी रोज सकाळी तिथं हळदी-कुंकू लावते, तर तिच्या बोटाला झिणझिण होते. सगळ्या गल्लीला सांगत फिरते, आई येडाई माझ्या दारात आली म्हणून!"

मी हसलो. सिद्धाराम हसला नाही. त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"तुळशीत काय हाय?"

"काय म्हंजे?" बब्रुवान म्हणाले. "तुळस हाय. आन आमची सळई."

मग ती सळईची गोष्ट त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितली. वीज एका तारेनं घरात येते आणि दुसरीनं माघारी जाते. त्यांच्या गल्लीतली ती माघारी जाणारी तार, न्यूट्रल म्हणतात तिला, कधीची खांबावर जळून तुटली होती. लाइनमन आज येतो, उद्या येतो करत राहिला. गल्ली अंधारात. तेव्हा बब्रुवाननी एक लोखंडी सळई जमिनीत ठोकली, घरातली वायर तिला गुंडाळली आणि माघारी जाणारी वीज मातीत सोडून दिली. दिवे लागले. आमच्या भागात हे काही नवल नाही. हापशाला, बोअरच्या पायपाला वायर बांधून उजेड करणारी घरं मी स्वतः बघितली आहेत. फक्त माती ओली लागते. कोरडी झाली की दिवे मिणमिणतात. आणि अंगणात बारा महिने ओली राहणारी माती एकाच जागी असते. बब्रुवाननी सळई तुळशीवृंदावनात ठोकली होती.

"रोज पानी घालायची आठवनच ठेवायला नगं," ते म्हणाले. "आई सकाळी तुळशीला घालतीच की."

"अनवाणी?" सिद्धारामनं विचारलं.

"आता तुळशीपशी कोन चपला घालून जातंय?"

"आन त्या सळईलाबी हात लावत्यात त्या?"

"कुंकू लावती तिला. घरात उजेड देती म्हनून."

सिद्धारामनं काउंटरवरचा डबा आपल्याकडे ओढून घेतला. नंतर त्यानं समजावून सांगितलं, आणि मी फोटोवाला असूनही मला ते समजलं. घरात दोन दिवे आणि पंखा चालला की सळईतून थोडीच वीज मातीत जाते, म्हणून म्हातारीच्या बोटाला नुसती झिणझिण. घरात जेवढं जास्त ओढणारं यंत्र, तेवढी सळई जास्त भारते. आणि त्यानं हौसेनं निवडलेला पॉवर सप्लाय तर दाब पडला तरी दमणारा नव्हता. उलट जास्तच ओढणार होता. हलका असता तर बंद पडला असता.

"सळई काढा," तो म्हणाला. "तार जोडून घ्या. तवर ह्यो डबा तिथं खेळायला लावू नगा."

"किती वर्सं झाली, कुनाला काय झालं न्हाय."

"तवा दिवे व्हते, बब्रुवानराव."

"करतो की," बब्रुवान म्हणाले. आमच्याकडे करतो की म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

डबा अडवून ठेवता येत नव्हता. पोरीचा अभ्यासही त्यावरच होता. तेव्हा सिद्धारामनं एक युक्ती केली. वायरी सुट्या होत्याच. त्यातली ग्राफिक्स कार्डाची वायर, जिच्याशिवाय खेळ चालत नाही आणि जिच्यातून सगळ्यात जास्त वीज जाते, ती त्यानं उपसून आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली. "तुळशीतली सळई निघाली की फोन कर. म्या सोता ईटला आनून दीन."

निकिताचा चेहरा पडला, पण ती शहाणी होती. "बरं काका," म्हणाली.

फोन आला नाही. मग एका दुपारी सिद्धाराम माझ्या दारात मोटारसायकल घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अमरनाथराव, बसा मागं." स्टुडिओ बंद करून उन्हातान्हाचं ईटपर्यंत जायला मी काही त्याचा पगारी नोकर नव्हतो. हे त्याला तसंच सांगून मी मागं बसलो.

बब्रुवानांचं घर चांगलं बांधलेलं होतं. अंगणात फरशी, मधोमध तुळशीवृंदावन, आणि तुळशीच्या बुंध्याशी वीतभर वर आलेली ती सळई. तिच्यावर हळदी-कुंकवाचे इतके थर बसले होते की लोखंड दिसतच नव्हतं. वायर मात्र दिसत होती, काळी, भिंतीवरून उतरून तिच्याभोवती गुंडाळलेली. ते बघून मी दोन पावलं मागं सरलो. विजेला घाबरणारा मी नाही. पण लोखंडाला कुणी इतक्या मायेनं पुजलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

सारजाबाई, म्हणजे निकिताची आजी, ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. वाळक्या, ताठ कण्याच्या, आवाज खणखणीत. सिद्धाराम विजेचा दाब मोजायचा मीटर घेऊन वृंदावनाकडे वळला, तशी त्या ओरडल्या, "आरं चपला काढ की मुडद्या! द्येव हाय तिथं!"

"माई, आज न्हाय काढत. माफी करा," तो म्हणाला, आणि त्यानं मीटरच्या वायरीचं एक टोक सळईला, दुसरं लांब मातीत लावलं. आकडा बारीक होता. मग त्यानं निकिताच्या आईला, तारामतीबाईंना, घरातली इस्त्री लावायला सांगितली. त्या घरात इस्त्री सणासुदीलाच निघायची. ती लावली आणि मीटरवरचा आकडा चढत चढत गेला. त्यानं मीटर बब्रुवानांसमोर धरला. "याच्या निम्म्यानंबी मानूस जातंय. डबा खेळायला लागला की असंच हुनार."

बब्रुवाननी आकडा बघितला. "लाइनमनला सांगितलंय," ते म्हणाले. "आता आंधारात बसू का मी?"

सारजाबाई उठून आल्या. त्यांना सगळं समजलं नव्हतं, पण आपल्या देवीबद्दल काहीतरी चाललंय हे ओळखलं होतं. "लेकरा, डोंगर चढून येरमाळ्याला यायची ताकद न्हाय ऱ्हायली बघ. म्हनून आईच आली माझ्या दारी. बोटाला कळती ती. तू तिला वीज म्हन, नायतर आनखी काय म्हन."

  सिद्धाराम खाली बसला, त्यांच्या पायांशी. "माई, एवढं ऐका. नातीचं यंत्र चालू असलं, की तुळशीपशी जायचं न्हाय. ती तुमाला सांगंल. सांगशील ना गं?"

"सांगेन काका. तिची पूजा झाल्याशिवाय लावणारच नाही मी कधी."

"बरं बाबा," सारजाबाई म्हणाल्या. "नातीसाठी ऐकीन. च्या घ्या आता."

चहा गुळाचा होता. ग्लासाला सिद्धारामनं सवयीनं उलटा हात लावला, तशा त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "ह्याला माझ्या च्याचंबी भ्या वाटतंय!"  नंतर सिद्धाराम विजेच्या ऑफिसातही जाऊन आला, बब्रुवाननाही पुनःपुन्हा फोन करत राहिला. प्रत्येक ठिकाणी करतो की.

चैत्री पुनव आली. येडाईची यात्रा. त्या दिवशी येरमाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. डोंगराकडे माणसांची रीघ, ढोल, हलगी, आणि तेरखेड्याच्या शोभेच्या दारूकामाचे एकावर एक आवाज. माझ्या स्टुडिओत जत्रेचे फोटो काढून घ्यायला रांग लागली होती. दुपारी भिंतीपलीकडून सिद्धाराम आला, कपाळावर आठ्या, हातात फोन. "निकिताचा फोन येऊन गेलाय. आवाजात ऐकूच आला न्हाय."

त्यानं तिथंच उभं राहून तिला फोन लावला. गोंगाटामुळे स्पीकर चालू केला होता, म्हणून सगळं मी ऐकलं.

"काका, रागावू नका," ती भरभर बोलत होती. "आमच्या टीमची निवड आहे आज. होस्टेलवरच्या शिवानीकडं सेम कंपनीचा, सेम पॉवर सप्लाय आहे. तिची कार्डाची वायर आणली मी. पहिली मॅच जिंकले काका! दुसरी सुरू व्हायचीय. बंदच पडत नाही बघा, इतकी लाईट कमी आहे तरी!"

"आजी?" सिद्धाराम ओरडला.

"आजीची पूजा सकाळीच झाली. मी बघितलं, आणि मगच चालू केलं. शपथ."

त्याचे खांदे खाली आले. मलाही सुटल्यासारखं वाटलं. "बरं," तो म्हणाला, "पन—" आणि थांबला. तो माझ्या दुकानाबाहेर बघत होता. बाहेरून बायका चालल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात झाकलेली ताटं. देवीच्या नैवेद्याची ताटं.

"निकिता, घरात पुरन शिजलंय का आज?"

"हो, आई आणि आजी करत होत्या की. का?"

"आजी निवद कुठं दावनार?"

"देवीला. तिला डोंगर चढवत नाही ना, म्हणून ती..."

पुढचं ती बोलली नाही. खुर्ची पडल्याचा आवाज आला. सिद्धाराम फोनमध्ये तोंड घालून "बंद कर! आधी बंद कर!" असं किंचाळत होता आणि माझ्या स्टुडिओत रांगेत उभी असलेली माणसं त्याच्याकडे बघत होती. पलीकडे कुणी नव्हतं. मग लांबून, अंगणातून यावी तशी, एकच हाक ऐकू आली. आजी. त्याच वेळी बाहेर दारूकाम उडालं, आणि नंतर फोनमधून काही ऐकू आलं नाही.

सारजाबाई वृंदावनापाशीच गेल्या. नैवेद्याचं ताट तुळशीपुढे नीट ठेवलेलं, पाण्याचा तांब्या कलंडलेला, बोटाला कुंकू. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं, आणि वय बघून तो हृदय बंद पडलं म्हणाला. गावानं मान डोलावली. चैत्री पुनव, तुळशीपुढे, देवीला नैवेद्य दाखवताना, पुण्यवान बाई. असं मरण मागूनही मिळत नाही, असं जो तो म्हणत होता. आम्ही दोघं मातीला गेलो होतो. सिद्धाराम सगळ्यांच्या मागं उभा राहिला. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

परत आल्यावर तो दुकान उघडायचा आणि नुसता बसून राहायचा. एकदा मी त्याच्यापुढे चहा ठेवला, तर त्यानं ग्लास सरळ उचलला. उलटा हात लावला नाही. मला ते बघून फार वाईट वाटलं, आणि मी त्याला चिडवलं नाही.

"सांगितलं तर पोरगी जन्माची जाती," तो म्हणाला. "न्हाय सांगितलं तर आता कोन घालतंय तुळशीला पानी? तिची आई."

"बब्रुवानला एकट्याला सांग."

"त्याला आधी सांगितलंच व्हतं की."

तेरावा जवळ आला, तेव्हा बब्रुवान माझ्याकडे आले. आईचा फोटो मोठा करून हवा होता, फ्रेम करून, चंदनाच्या हारासकट. गावातल्या माणसांची शेवटची कामं शेवटी माझ्याकडेच येतात. मिशी उतरवलेला त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. निकिता जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर तुळशीपाशी बसून असते, असं ते सांगत होते. सिद्धाराम दारात येऊन उभा राहिलेला त्यांनी बघितला नव्हता.

"आन अमरनाथराव, घरात लाईटबी न्हाय बघा. मेन स्विचमधला फ्यूजच कुनीतरी काढून नेलाय. पाव्हने यायचेत, आंधारात कसं करू? आज गावातल्या पोराला बोलावलंय. फ्यूज नसला तर नसला, डायरेक्ट वायर जोडून देतो म्हनला."

सिद्धाराम आत आला. "तारामतीबाई तुळशीला पानी घालत्यात का?"

"घालाया जात्यात की. रीत हाय."

"सळई?"

बब्रुवान फ्रेमचे नमुने चाळायला लागले.

सिद्धाराम माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "फ्यूज पोरीनं काढलाय. तिला कळलंय." आणि गाडीची किल्ली काढायला लागला.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात भावकीतली माणसं बसली होती. निकिता वृंदावनाला पाठ लावून बसली होती, पायांत चपला तशाच. बायका कुजबुजत होत्या, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, तुळशीपाशी चपला घालून बसते, आईलासुद्धा जवळ येऊ देत नाही. भिंतीपाशी शिडी लागली होती आणि एक जण मेन स्विच उघडून वायर सोलत होता.

"थांब," सिद्धाराम म्हणाला. शिडीवरच्या माणसाचा हात थांबला. मग सगळ्यांसमोर त्यानं सगळं सांगितलं. तुटलेली तार, सळई, मीटरवरचा आकडा, आणि आपण निवडून दिलेला पॉवर सप्लाय. सारजाबाई हृदयानं गेल्या नाहीत, विजेनं गेल्या, हे त्यानं त्याच शब्दांत सांगितलं.  बब्रुवान खाली मान घालून उभे होते. निकितानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मीच चालू केलं होतं."

सिद्धाराम तिच्यासमोर उकिडवा बसला. "डबा म्या बनवला. सळई तुझ्या बानं ठोकली. तार तुटली ती कुनी जोडली न्हाय. हेच्यात तुझा वाटा लहान हाय बाळ. न्हायच म्हननार न्हाय म्या, तुला खोटं वाटंल. पन लहान हाय. तेवढाच घे."

त्यानं हात पुढे केला. सुलटा, तळवा वर. तिनं मूठ उघडली. इतके दिवस धरून बसलेला चिनी मातीचा तो फ्यूज घामानं ओला झाला होता. तो तिनं त्याच्या हातावर ठेवला आणि मग ती रडली. तारामतीबाईंनी येऊन तिला पोटाशी धरलं. आधी कुणी रडू दिलं नव्हतं बिचारीला. सगळे पुण्यवान मरण म्हणून समाधान मानत बसले होते.

सळई बब्रुवाननी स्वतः उपटली. ती सहज निघेना, दोन्ही पाय रोवून ओढावी लागली, आणि तुळशीचं एक मूळ तिच्याबरोबर वर आलं. कुंकवाचे थर हातांना लागून त्यांचे तळवे लाल झाले. त्यांना ते धुवायचं भान नव्हतं.

आम्ही निघालो. दिवस कलला होता आणि गल्लीत दिवे लागत होते. बब्रुवानांचं घर तेवढं अंधारात. सिद्धाराम गाडी सावकाश चालवत होता आणि एकसारखा डावी-उजवीकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं. प्रत्येक अंगणात तुळस होती. प्रत्येक तुळशीत एक सळई होती, आणि बहुतेकींवर हळदी-कुंकू. न्यूट्रल सगळ्या गल्लीचीच तुटली होती, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. बब्रुवानांचं बघून घराघरानं सळई ठोकली होती, आणि सारजाबाईंचं ऐकून बायकांनी ती पुजली होती.

शेवटच्या घरात एक बाई तुळशीला दिवा लावत होत्या. हरणाबाई, सारजाबाईंच्या मैत्रीण. मातीला आल्या होत्या, म्हणून मला ओळखू आल्या. पाय अनवाणी. ओसरीवर कोरा करकरीत, मोठा कूलर घरघरत होता. सिद्धारामनं गाडी थांबवली, तशा त्या आमच्याकडे बघून हसल्या.

"पाव्हनं, सारजाची आई येडाई आता माझ्या तुळशीत आली बरं का," त्या म्हणाल्या. "कालपसनं बोटाला कळती. लई जोरात कळती."

सिद्धाराम गाडीवरून उतरला आणि त्यानं मेन स्विच कुठं आहे ते विचारलं.